गटाराचं पाणी नितळ झालं तेव्हा

मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर काचेची बरणी, तिच्यात गावातल्या मोठ्या गटाराचं काळपट पाणी. गावात नुकत्याच आलेल्या, स्वतःला जलगुरू म्हणवणाऱ्या बाबांनी त्यात पांढरी पूड सोडली, पळीनं ढवळलं आणि डोळे मिटून पुटपुटू लागले. बघता बघता घाणीच्या गाठी झाल्या, त्या तळाशी बसल्या आणि वर नितळ पाणी राहिलं.

"यंत्रं पाण्याला छळतात," जलगुरू म्हणाले. "मी त्याची समजूत काढतो. गटारसुद्धा माझं ऐकतं."

गटाराचं ठाऊक नाही, पण नगराध्यक्ष नक्की ऐकत होते. नगराध्यक्ष म्हणजे माझा थोरला भाऊ. डोंगरातली नदी आमच्या गावातून पुढे खालच्या वस्त्यांकडे जाते, तिथले लोक तिचंच पाणी पितात. तिच्यात गावचा मैला जाऊ नये म्हणून काठावर शुद्धीकरण केंद्र आहे. दादानं तिथल्या तिथे जाहीर केलं, "उद्या संध्याकाळपासून केंद्राच्या मोटारी बंद. पुढचं जलगुरू पाहतील."

मी गावची डॉक्टर. केंद्राच्या टाक्यांत मोटारी हवा सोडतात आणि त्या हवेवर जगणारे जंतू मैला खातात. हवा थांबली की ते मरणार, आणि नवे वाढेपर्यंत सगळी घाण थेट नदीत जाणार. हे मी दादाच्या कानाशी लागून सांगत होते, तेवढ्यात वहिनी दिसली. बरणीतलं पाणी पेल्यात घेऊन ती कडेवरच्या लेकीच्या ओठांना लावत होती.

मी पेला हातानं उडवला.

वहिनी रडवेली झाली. "ताई, पोरीचं पोट सारखं दुखतं. यानं थांबेल म्हणाले ते."

"चार लोकांत माझी शोभा केलीस," दादा दात-ओठ खात म्हणाला.

"अजून थोडी करते."

शेजारच्या न्हाव्याच्या दुकानातून मी तुरटीचा खडा आणला. कुटला, गाठी लवकर धराव्यात म्हणून त्यात शेगडीतली राख मिसळली. त्याच गटाराचं पाणी दुसऱ्या बरणीत घेऊन ढवळू लागले. पुटपुटायला काही सुचेना, म्हणून सातचा पाढा म्हटला. पाणी नितळ झालं.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. जलगुरू हसले. "तिची तुरटी, माझी सिद्धी. दिसायला सारखंच."

"मग तुमचं तुम्ही प्या."

"मी वाऱ्यावर जगतो, बाई."

"सकाळी माझ्याकडे दोनदा चहा घेतलात की," न्हावी म्हणाला.

काहीजण हसले, पण माझ्यावर चिडून पुष्कळांच्या मुठी वळल्या होत्या. मी घाईनं दवाखान्यातून तीन कुप्या आणल्या. त्यांच्यात तपासणीचं औषध असतं. मैल्यातले जंतू असले की पाणी काळं पडतं. एकीत जलगुरूंचं पाणी भरलं, एकीत माझं, तिसरीत उकळून गार केलेलं. दादानं स्वतः चिठ्ठ्या लावल्या.

"यांना ऊब लागते. तुझ्याच आतल्या खिशात ठेव," मी म्हणाले. "उद्या मोटारी बंद करायच्या आधी सगळ्यांसमोर काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम म्हणून भाचीला तपासलं. घोटभर पोटात गेलं होतं की नाही, कुणालाच सांगता येईना. ती ठीक होती. मात्र दुपारपासून दवाखान्यात उलट्या-जुलाबाचे पेशंट येऊ लागले. सगळ्यांनी आदल्या दिवशी जलगुरूंनी बादल्यांत तसंच नितळ करून वाटलेलं पाणी बाटल्या भरून नेलं आणि प्यायलं होतं.

संध्याकाळी केंद्रात मोटारींची घरघर चालू होती. ऑपरेटर बटणावर हात ठेवून दादाकडे बघत उभा होता. दादानं खिशात हात घातला. उकळलेल्या पाण्याची कुपी स्वच्छ निघाली. जलगुरूंची आणि माझी, दोन्ही शाईसारख्या काळ्याकुट्ट.

"हात काढ तिथून," दादा ऑपरेटरला म्हणाला.

जलगुरूंना बोलावणं गेलं. ते उतरले होते ती खोली रिकामी होती. कॉटखाली कुटलेल्या तुरटीचं अर्धं पोतं तेवढं सापडलं.

"तुरटी वाईट नाही," मी जमलेल्यांना सांगितलं. "ती गाळ खाली बसवते. पण सगळे जंतू तिनं मरत नाहीत, आणि राहिलेले डोळ्यांना दिसत नाहीत."

दादा लोकांकडे वळला. "मीही डोळ्यांवरच विसंबलो. यापुढे कुणीही चमत्कार दाखवला, तर आधी तपासू द्या म्हणा. जो तपासू देणार नाही, त्याच्या हातचं पाणी पोरांना पाजू नका."