चौथ्या तारेवरचा चिंचोका

मी एक जुनी मणीपाटी आहे, मित्रांनो. देवणीजवळच्या एका गावात, शाळेच्या कपाटात अगदी खालच्या फळीवर मी असते. कपाटाची कडी वाजली की अजूनही माझ्या तारा थरथरतात. कशासाठी, ते शेवटी सांगते.

मन्मथ सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवले. दहा तारा ओढल्या आणि प्रत्येक तारेवर दहा लाकडी मणी ओवले. शिवगंगाबाई मला वर धरून विचारत, "एक तार म्हणजे किती?" पहिलीची मुले ओरडत, "दहा!" ते ऐकून मी फुलून जात असे. मुलांची बोटे मण्यांना लागतच नव्हती, हे तेव्हा माझ्याही ध्यानात आले नाही.

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्याकडचे पाणी आटले. गल्लीतले बसलिंगप्पा म्हणत, "जिल्हा नवा मिळाला, पाणी तेवढं जुन्या जिल्ह्यात राहिलं." शाळेजवळच्या विहिरीत टँकर रिकामा होई. गल्लीत दहा घरे होती. घरटी दहा घागरी ठरल्या, पण मोजणीवरून रोज भांडणे. शेवटी बाईंनी मला विहिरीवर पाठवले. एका घराला एक तार. घागर भरली की एक मणी सरकवायचा, तार संपली की घराची पाळी संपली. वाटपावर बसलिंगप्पा आणि मणी सरकवायला पहिलीतली जगदेवी.

"आता हिच्याशी कोन भांडंल?" बसलिंगप्पा माझ्याकडे बघून म्हणाले.

मित्रांनो, माझा जीव तिथेच उडाला. माझ्या चौथ्या तारेवर नऊच मणी होते. कडबा संपला म्हणून जगदेवीच्या घरचा गोऱ्हा आदल्याच दिवशी नायगावला तिच्या मामाकडे धाडला होता. निघताना त्याच्या गळ्यात बांधायला तिने माझ्या सैल तारेतला एक लाल मणी काढून घेतला होता. ती चोरटी नव्हती. तार म्हणजे दहा, असेच तिला शिकवले होते. मणी गेला तरी तार होतीच की!

चौथे घर पंचफुलाबाईंचे. त्यांची सून आठ दिवसांची बाळंतीण. रोज जगदेवी नववा मणी सरकवी, तार संपे आणि बसलिंगप्पा म्हणत, "बस." मला ओरडावेसे वाटे. पण लाकडाला कुठला आवाज?

"आप्पा, माझा रांजण भरंना झालाय," पंचफुलाबाई म्हणाल्या. "बाळाची दुपटी धुवावी का सुनेला पाणी पाजावं?"

"रांजणाला भोक असंल बघ," शेजारची गुरम्मा म्हणाली. "न्हाई तर तुझी सून रांजणासकट पिऊन राहिली." बायका हसल्या. पंचफुलाबाई हसल्या नाहीत.

सातव्या दिवशी त्या पदरात चिंचोके घेऊन आल्या. घागर भरली की एक चिंचोका विहिरीच्या कट्ट्यावर ठेवत. तार संपली, तेव्हा कट्ट्यावर चिंचोके नऊ होते.

"तुमचा चिंचोका चुकला असंल," बसलिंगप्पा चिडले. "म्या काय पाणी खातो का?"

गलका ऐकून शिवगंगाबाई आल्या. त्यांनी मला कट्ट्यावर आडवे ठेवले आणि म्हणाल्या, "जगदेवी, एका मण्याला एक चिंचोका लाव."

तिने तिसऱ्या तारेखाली चिंचोके लावले. एक मणी उघडा राहिला. मग तेच चौथ्या तारेखाली लावले. सगळे बरोबर बसले. ती दोन्ही तारांकडे बघतच राहिली. सात दिवस मी जे सांगू शकले नव्हते, ते आता तिला दिसत होते.

"बाई," ती हळूच म्हणाली, "एक कमी हाय. तो गोऱ्ह्याच्या गळ्यात हाय."

तिने पुन्हा चिंचोके उचलले. "पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी एक..." असे म्हणत एकेक मांडत गेली आणि सातव्याला थांबली. तिची आई गर्दीतच होती. तिच्याकडे वळून जगदेवी म्हणाली, "मावशीच्या सात घागरी ऱ्हायल्या. आपल्यातल्या रोज एक देऊ?"

आईने आपली पहिली घागर भरली आणि पंचफुलाबाईंच्या रांजणाकडे चालू लागली.

"चूक पोरीची न्हाई, आप्पा," शिवगंगाबाई म्हणाल्या. "तार दाखवली म्या, मणी मोजायला लावलेच न्हाईत."

त्यांनी एक चिंचोका भिजवला, तापल्या दाभणाने त्याला भोक पाडले आणि चौथ्या तारेवर ओवला. त्या दिवसापासून वर्गात प्रत्येक मुलाचे बोट माझ्या प्रत्येक मण्यावरून फिरू लागले.

पुढे शाळेत रंगीत, गुळगुळीत साहित्य आले आणि मी कपाटात गेले. मला कुणी विसरले याचे फार दुःख नाही. पण साफसफाई करताना कुणी म्हणेल, हा कसला कचरा, आणि चिंचोका काढून टाकेल. पुन्हा नऊच उरतील आणि पुन्हा कुणीतरी मला वर धरून दहा म्हणेल. म्हणून कडी वाजली की मी घाबरते.

मित्रांनो, कधी मी तुमच्या हाती आले, तर माझ्यावर विश्वास ठेवू नका. आधी बोट लावा. चौथ्या तारेवर दहाव्या ठिकाणी चपटा चिंचोका लागला, की मग खुशाल दहा म्हणा.