पाठीवरच्या पाच ओळी

मी एक फॉर्म आहे. छापील, चार पानी, बालमृत्यूच्या चौकशीचा. ऐकूनच तोंड फिरवलंत ना? फिरवा बापडे. मला भरायची वेळ कुणावर येऊच नये, असं मलाही वाटतं.

अलिबागच्या एका छापखान्यात मी जन्मलो आणि खाडीकाठच्या एका आरोग्य उपकेंद्रात, लोखंडी कपाटात येऊन पडलो. वर्षभर कोरा होतो. तेच माझे सुखाचे दिवस.

मग एका सकाळी सुचिता सिस्टरनी मला पिशवीत घातलं आणि नलूबाईंच्या घरी नेलं. त्यांची लेक किशोरी बाळंतपणाला माहेरी आली होती. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरीच, ही रीतच आहे. तिची अकरा दिवसांची मुलगी दवाखान्याच्या वाटेवरच दगावली होती. नवरा निकेश मांडव्याच्या लाँचवर कामाला. तो ओटीवर खाली मान घालून बसला होता.

"बाळ दूध कधीपासून ओढत नव्हतं?" सिस्टरनी विचारलं.

"नवव्या दिसापासून. अंगपन गार लागत व्हतं. आय बोलली, थंडी बाधली, शेक देऊ. मी बोलत व्हते, बाळाला बघायला ती बाई येनार हाय ना, तिला दाखवू. कुनी आलंच न्हाय." मग किशोरीनं सिस्टरचा हात धरला. "बाई, माजं काय चुकलं त्ये या कागदावरून कळंल ना?"

"कळेल," सिस्टर म्हणाल्या.

नव्या बाळाला आशाताईनं ठरल्या दिवशी घरी जाऊन तपासायचं असतं. सासरच्या आशाताईला वाटलं, पोर माहेरी आहे, तिकडची जाईल. माहेरच्या आशाताई आवडाबाईंना वाटलं, नोंद सासरची, आपल्या यादीत नाव कुठंय? तिची नोंद कुठे, हे सिस्टरनीही विचारलं नव्हतं. हे त्यांना त्या दुपारी उमगलं.

उशीर कुणाचा, यासाठी माझ्यात तीनच चौकटी: कुटुंब, वाहन, दवाखाना. या चुकीला चौकटच नाही! तेव्हा सिस्टरनी मला उलटा केला आणि पाठीवर लिहिलं: 'दोन्ही गावांनी एकमेकांवर सोडलं. एकही भेट झाली नाही. यात माझीही चूक आहे. बाळाची आई सारखी विचारत होती, तिचा दोष नाही. पहिलटकरीण माहेरी गेली की त्या गावाला कळवायची सोय करा.' नोकरीची पर्वा न करता लिहिलं हो! मला फार अभिमान वाटला.

पुढे माझा चेंडू झाला. माहेरचं आरोग्य केंद्र म्हणे, मृत्यू सासरच्या आकड्यात धरा. सासरचं म्हणे, तुमच्या हद्दीत गेलं, तुमचाच. जिवंतपणी जी कुणाच्या यादीत नव्हती, तिला मेल्यावरही कुणी घेईना. चार महिने मी नुसता फिरलो.

शेवटी वर बैठक बसली. पंचवीस फॉर्म, चहा, बिस्किटं. साहेब वाईट नव्हते, घाईत होते.

"मागे काहीतरी लिहिलंय, साहेब," वाचणारा कारकून म्हणाला.

"रकान्यातलं तेवढं वाचा."

'कुटुंबाकडून विलंब' या चौकटीत खूण झाली. खाली शेरा पडला: 'मातेचे समुपदेशन करून सही घ्यावी.' तीन मिनिटांत मी निकाली. सिस्टरना फोनवरून वेगळा दम मिळाला, पाठीवरचं बाहेर बोलायचं नाही.

शिमग्याला किशोरी माहेरी आली, तेव्हा सिस्टर मला घेऊन गेल्या. बाळ दूध ओढेनासं झालं की ताबडतोब दवाखाना गाठायचा, असं खालमानेनं सांगत राहिल्या. किशोरीनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे माजंच चुकलं," ती म्हणाली.

सिस्टरनी पेनाचं टोपण काढलं. मी त्यांच्या मांडीवर उताणा, पाठ गुडघ्याला दाबलेली. अहो, उलटा करा मला! पण कागदाचं कोण ऐकतो? त्यांनी पेन पुढे केलं आणि किशोरीनं त्या खुणेखाली सही केली. शाळेतल्यासारखी, सावकाश, स्वच्छ.

आता मी पुन्हा कपाटात आहे. परवा बाहेर बायका बोलत होत्या, कुणी अमिषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय म्हणे. तिची नोंद कुठे, हे कुणी विचारलं नाही.

तुमच्यापैकी कुणी खाडीकडे गेलात, तर एवढं करा. किशोरीला गाठा आणि सांगा, पोरी, तुझं काही चुकलं नव्हतं. तिची ती सही माझ्याच्यानं पुसवत नाही हो.