पाखाडीवरची पावलं

महिपतच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढायला ब्रह्मदेव आला तरी हात टेकून परत जावा. यंदा शिरलं ते असं: गौरीची पावलं ऑइलपेंटची काढायची. तीही घरात नाही, तर दारापासून थेट खालच्या कापडे गावच्या डांबरी रस्त्यापर्यंत, उतरणीच्या पायऱ्यांच्या वाटेवर, पाखाडीच्या दगडांवर.

कारण घरात नवराबायको दोघांनाही ठाऊक होतं, पण कुणी बोलत नव्हतं. या घरात पाणवठ्यावरून तेरड्याची गौर आणायची ती एकुलत्या एका लेकीने, दर्शनाने. दोन वर्षांपूर्वी तिने मुंबईत आपल्या मनाने लग्न केलं. महिपत लग्नाला गेला नाही, आणि तेव्हापासून ती गौरीला आली नाही. दोन्ही वर्षी त्याच्या बायकोने, ठकूबाईने, तांदळाच्या पिठाने पावलं काढली आणि पावसाने ती अंगणातच धुऊन नेली. पावलं टिकली असती तर लेक आली असती, असं महिपतच्या मनाने घेतलं. या म्हणण्याला काडीचा अर्थ नव्हता. पण लेकीसाठी जीव तुटत असला की माणूस अर्थ कुठे बघतो?

बिरवाडीच्या एका वर्कशॉपात पिंपांवर छापे मारण्यात त्याची हयात गेली होती. दर्शनाची मागे राहिलेली चप्पल त्याने पातळ पत्र्यावर ठेवून आखली, पुढे पाच बोटं काढली आणि छापा कापला. पत्रा सुलटा ठेवला की उजवं पाऊल, उलटा ठेवला की डावं.

गणपतीच्या दोन दिवस आधी उघडीप मिळाली. त्याने तारेच्या ब्रशने दगडांवरचं शेवाळ खरवडलं, उन्हात ते वाळू दिले आणि उंबऱ्यापासून सुरुवात केली. एक पायरी उतरायची, पत्रा पुढ्यात ठेवायचा, पांढरा फवारा मारायचा. प्रत्येक पावलाला तो मनात म्हणत होता, ये गो, ये. रस्त्याला लागेपर्यंत कंबर मोडली होती, पण चेहरा कसा लग्नघरातल्या यजमानासारखा.

शेजारची काशीबाई गवताचा भारा घेऊन खालून येत होती. ती पहिल्याच दगडाशी थबकली.

"महिपतभावजी, गौर आणताय का बोळवताय?"

महिपतने वर पाहिलं. सगळी पावलं त्याच्याच दारातून निघून खाली रस्त्याकडे चालली होती. आपण उतरत आलो तशीच पुढे बोटं करून पत्रा ठेवत आलो, हे शहाण्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तो धावत घरी गेला. थिनर झाला, रॉकेल झालं, बोटांची सालं निघाली. पण दगडांनी रंग पिऊन टाकला होता. शेवटी तो पायरीवर बसला आणि पोरासारखा रडला.

ठकूबाई शेजारी येऊन बसली. "रडताय कशापायी? लग्न झालेली पोर आपली आपण येते काय माहेरी? तिला मुराळी लागतो. भाऊ तर तिला नाय. मग न्यायला कोण गेलं होतं?"

"फोन तरी करायचा तिनं."

"माझ्याशी बोलते की! दर वेळी इचारते, बाबा काय म्हणतात. मी काय सांगू?"

महिपत उठला. त्याने हातपाय धुतले, ठेवणीतला सदरा घातला आणि पाखाडी उतरून रस्त्यावर आला. मुंबईहून येणाऱ्या गाड्या चाकरमान्यांनी खचाखच भरलेल्या होत्या. मुंबईकडे जाणारी एसटी रिकामी होती. तो खिडकीशी बसला आणि ठकूबाईने पाठ करून घेतलेला नंबर त्याने लावला.

"हॅलो? कोण?"

दोन वर्षांनी तो आवाज कानावर पडला. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं तो पार विसरून गेला.

"मी गो, बाबा. तुला न्यायला निघालोय." तो थांबला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "कुठं राहतेस तू, दर्शना?"