वैनीचं उत्तर

दर शनिवारी धारूरहून येणारी दुपारची एसटी फाट्यावर थांबली, की धनश्रीच्या हातातली भाकर जरा जोरातच थापली जाई. त्या गाडीतून तिची नणंद ऋतुजा उतरायची. इस्त्रीचा ड्रेस, पाठीला सॅक, बी.ए.च्या पहिल्या वर्षाचं अर्थशास्त्र. वर्गात पहिली येणाऱ्या धनश्रीला नववीतच बोहल्यावर चढवलं होतं. दर हंगामाला ती नवऱ्याबरोबर, रामप्रसादबरोबर, ऊस तोडायला जाई आणि त्या तोडीच्या पैशावर ऋतुजा हॉस्टेलात राहून शिके.

"वैनी, उलसं बसता का? सरांनी संशोधनाचा निबंध दिलाय."

"लिव्ह की. तुला काय, बसून खायचं."

ऋतुजा हसली. धनश्रीच्या लहानग्या सत्यमला मांडीवर घेत म्हणाली, "पहिला लिवला तर सर म्हनले, हे भाषण हाय. उत्तर आधीच ठरवून बसलीस. आधी प्रश्न लिही, मग मानसांना इचार, अन् ते सांगतील तसंच लिही. म्हणून प्रश्न लिवलाय, आपल्या वस्तीवर पोरींची लग्नं कारखाना सुरू व्हायच्या तोंडावरच कावून होतात?"

उत्तर धनश्रीला पाठ होतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम घेत नाही. म्हणून पोराला घाईनं बायको लागते. तिचं वय कोण बघतो?

"तुमचं लगीन कसं झालं, वैनी? शाळा सुटली तवा वाईट वाटलं?"

धनश्रीनं आपल्या हातांकडं पाहिलं. उसाच्या पाचटानं कापल्याचे वण. ऋतुजाच्या नखांना गुलाबी नेलपॉलिश. रडू माझं, अन् मार्क हिला!

"छ्या! मलाच कटाळा आलता शाळेचा. माझ्या मर्जीनं झालं."

ऋतुजा थबकली, पण तिनं जसंच्या तसं लिहून घेतलं. धनश्रीच्या जिवाला गार वाटलं.

आठवड्याभरात मोहनराव मुकादम सासऱ्यांसमोर, मुंजाजींसमोर, बैठकीत येऊन बसला. त्याच्या टोळीत एक पोरगा अर्धा कोयता होता.

"पोरगी द्या, मुंजाजी. कारखाना पेटायच्या आत उरकून टाकू."

ऋतुजा निबंधाचे कागद घेऊनच बापापुढं उभी राहिली. "आबा, मला अजून अठरा पुरी न्हाईत. वस्तीवरच्या बाया काय सांगतात, ऐका तरी."

"बाहेरच्या बायांचं ठिऊ दे. घरातल्या सुनंला इचारलं का?"

ऋतुजाला ते पान गाळता आलं असतं. तिनं वाचलं. मुंजाजींनी मांडीवर थाप मारली. "बघा! आमची सून सुखात हाय. इषय संपला."

दाराआड धनश्रीच्या मनात आलंच, येऊ दे हिच्याबी हाताला वण. सासू भिवराबाईनं तिच्या हाती साडी दिली, "नेसव हिला."

आतल्या खोलीत ऋतुजा रडली नाही. हळूच म्हणाली, "वैनी, तुमी मर्जीनं केलंत ना? मग मला बी जमंल."

हिनं आपल्यावर विश्वास ठेवला! धनश्रीच्या हातून साडी गळाली. ती तशीच बैठकीत सासऱ्यांपुढं गेली.

"मामा, मी खोटं बोलले."

"कशापायी?"

"हेवा वाटतो हिचा. आज बी वाटतो. माझी सहामाही चालू हुती, अन् मला हळद लागली. उंबरा धरून रडले मी. तुमी कोयता मोजला, मला न्हाई."

मोहनराव हसला. "सून लई बोलाया लागली की, मुंजाजी!"

"ऐका मुकादम. हिचं लगीन लावलं तर तक्रार मी देईन. अन् औंदा तोडीला बी येणार न्हाई. मग तुमच्या टोळीत ह्यांचा बी अर्धाच कोयता."

मोहनरावचं हसू विरलं. सगळ्यांनी कोपऱ्यात बसलेल्या रामप्रसादकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली, सत्यमला उचललं आणि धनश्रीच्या बाजूला येऊन उभा राहिला.

मुकादम चहा तसाच ठेवून उठून गेला.

संध्याकाळी ऋतुजा ते पान नव्यानं लिहीत होती. तिचं भराभर पळणारं अक्षर बघून धनश्रीला पुन्हा हेवा वाटलाच.

"झालं की मला बी शिकव, प्रश्न कसा लिवायचा ते."

ऋतुजानं पेनच तिच्यापुढं धरलं. "आत्ताच सांगा. तुमचा पहिला प्रश्न कोणता?"

धनश्रीनं पेन घेतलं. बऱ्याच वर्षांनी धरलेल्या पेनावर बोटं अवघडली. मग एकेक अक्षर जुळवत तिनं लिहिलं,

'माझ्या लग्नात अक्षता टाकायला सारा गाव आलता. त्यातल्या एकानं बी माझं वय कावून इचारलं न्हाई?'