पाचव्या तोंडाची काजळी

मित्रांनो, मला जुनी म्हणा, पण भंगार म्हणाल तर गाठ माझ्याशी आहे. मी पाच तोंडांची पितळी समई. भिवंडीजवळच्या अंजूर गावात, गोदामांच्या मध्ये एक कॉलेज आहे, तिथे माझा मुक्काम. वर्षभर मी कपाटात पडून असते, तुटक्या ढाली आणि गॅदरिंगच्या लाकडी तलवारींच्या शेजारी. म्हणून मला कोणी बाहेर काढून चिंचेने घासायला लागलं, की माझ्या मनात आधी संशय येतो. आज कोणाला काय दाखवायचंय?

संशय घ्यायला मी राहीबाईकडून शिकले. ती मूळची इथलीच, खाडीकाठच्या भातशेतीची मालकीण. ओताऱ्याच्या दुकानात तिने मला उचललं आणि बोटाच्या पेराने टकटक वाजवलं. "पोकल न्हाय ना रं?" ओतारी शपथा घेत होता, पण तिने माझा आवाज ऐकला तेव्हाच मला घेतलं. माझ्या बुडावर तिचं नाव कोरलंय. मला वाचता येत नाही, पण ते कुठे आहे ते ठाऊक आहे.

पुढे गावात कॉलेज काढायचं ठरलं, तेव्हा तिने स्वतःचं शेत दिलं. आपल्या पोरींना शिकायला लांब जावं लागू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं. उद्घाटनाला समई हवी, म्हणून देवघरातून मलाही काढून दिलं.

तो मांडव मला अजून दिसतो. सुनेच्या कडेवर राहीबाईची तान्ही नात, करिष्मा. माझ्या चार वाती चार पुरुषांनी पेटवल्या. एक अध्यक्ष, एक पाहुणे, एक कंत्राटदार, आणि चौथा कोण ते निवेदकालाही दुसऱ्यांदा विचारावं लागलं. पाचवी वात राहीबाईची होती. ती पेटती मेणबत्ती घेऊन उभी होती. तेवढ्यात निवेदकाने पान उलटलं आणि म्हणाला, "मान्यवरांनी स्थानापन्न व्हावं."

सगळे बसले. राहीबाई उभीच. मेण तिच्या बोटांवर गळत होतं. मग तिने मेणबत्ती फुंकली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पन ही वात माझी हाय. माझ्याबिगर कुनी हात लावायचा न्हाय." आणि घरी निघून गेली. कॉलेजच्या फाटकातून ती पुढे कित्येक वर्षं आत आली नाही.

पुढच्या वर्षी चारच वाती लावल्या, कारण गावकरी समोर बसले होते आणि सगळ्यांना राहीबाईची भीती होती. त्यानंतर सवयीने चार. मग ज्यांना खरं माहीत होतं ते निवृत्त झाले. नवे विचारायचे, "पाचवी का नाही?" उत्तर यायचं, "आपल्याकडे असंच असतं."

मित्रांनो, हे वाक्य मोठं लबाड आहे. त्याच्या पोटात कोण गिळलं गेलंय, हे ते सांगत नाही.

हळूहळू त्याला अर्थही चिकटले. कोणी म्हणालं, चार वाती म्हणजे चार वेद. कोणी म्हणालं, चार शाखा. कला, वाणिज्य, विज्ञान मोजून झाल्या, चौथी सापडेना, तर क्रीडा घातली! चार तोंडांवर काजळी धरली, पाचवं लख्ख राहिलं. त्याला लोक 'पवित्र' म्हणू लागले. अपमानाला एवढा मान मिळालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

आता या कॉलेजला विद्यापीठ व्हायचंय. त्यासाठी समिती येणार होती. प्राचार्य मनोज सरांनी सगळ्यांना बोलावून बजावलं, "समितीला आपली संस्कृती दिसली पाहिजे."

शिपाई बाळारामने विचारलं, "सर, ती कंच्या कपाटात हाय?"

हसले सगळे, पण कपाट उघडलंच. मी बाहेर आले. करिष्मा आता इथेच वाणिज्य शिकवते, नवीनच लागली आहे. तिने मला पुसताना उलटं केलं आणि बुडावरचं नाव वाचून थबकली.

"सर, पाचवी वात आपण का लावत नाही?"

"अहो मॅडम, ती न लावणं हीच तर आपली ओळख. माहितीपत्रकात छापलंय."

"माझी आजी घरी वेगळंच सांगते."

"ते समिती गेल्यावर बघू. आणि मॅडम, तुम्ही अजून पक्क्या झालेल्या नाहीत ना?"

किती गोड बोलले! करिष्मा पुन्हा मला पुसू लागली. मला वाटलं, विषय संपला. नोकरी कोणाला नको असते?

समितीचा दिवस आला. चार वाती लागल्या. मनोज सर माईकवर सांगत होते, "ही पाचवी वात म्हणजे आपल्याला अजून न गवसलेलं ज्ञान..." समितीतल्या बाई मान डोलवत होत्या. इतक्यात दारातून काठीचा आवाज आला. करिष्माचा हात धरून राहीबाई आत येत होती.

"कसलं ज्ञान रं मेल्या? माझी वात हाय ती!"

पण मनोज सर हुशार. "या आजी, या! आमचं प्रेरणास्थान!" असं म्हणत त्यांनी मेणबत्ती पुढे केली आणि फोटोवाल्याला खूण केली.

"मेनबत्ती नको. मागल्या खेपेला ती हातातच ऱ्हायली."

तिने बोटाच्या पेराने मला टकटक वाजवलं. "पोकल न्हाय ना झायलीस यांच्यात ऱ्हाऊन?" मी खणखणीत वाजले. मग तिने कमरेची काडेपेटी काढली आणि पाचवी वात पेटवली.

समितीच्या बाईंनी हळूच विचारलं, "आजी, मग या पाचव्या वातीचा अर्थ काय?"

"अर्थ कसला, बाय? माझा नंबर व्हता."

विद्यापीठ होणार की नाही, ते अजून ठरायचंय. करिष्मा पक्की झालेली नाही, त्यामुळे मनोज सर तिच्याशी हसून बोलले की माझं तेल थिजतं. आणि आता म्हणे, पाचवी वात दरवर्षी गावातल्या ज्येष्ठ महिलेच्या हस्ते लावण्याची थोर परंपरा सुरू होणार. तिचाही काही तरी अर्थ शोधतीलच.

मित्रांनो, तुमच्या शाळा-कॉलेजात कोणी "आपल्याकडे असंच असतं" म्हणालं, तर मान डोलवण्याआधी विचारा, तेव्हा उभं कोण राहिलं होतं? आणि मला घासा, चिंचेने घासा, राखेने घासा, लख्ख करा. फक्त पाचव्या तोंडाची काजळी तेवढी राहू द्या. फार वाट पाहून ते काळं झालंय.