गाण्याचं हक्कसोडपत्र

मल्लिनाथने जन्मात कुणाला नोटीस पाठवली नव्हती. पाठवली ती थेट सख्ख्या बहिणीला, आणि आपण ती पाठवली हेही त्याला बहिणीकडूनच कळलं.

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या दुकानात तो जळक्या मोटारीतली तार उपसत बसला होता. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायच्या हा त्याचा धंदा. फोन वाजला. जेऊरहून महानंदा, त्याची धाकटी, एकुलती एक बहीण. पंचमी तोंडावर आली होती. कधी येते ते सांगायला फोन केला असेल म्हणून त्याने तोंडभरून "बोल गं नंदा" म्हटलं.

"दादा, बाबाचं गानं म्हनायची मला बंदी घातलीस व्हय?"

"कुनी?"

"तू. तुजं नाव आलंय की मोबाइलवर. माज्या जावंनं मी म्हनलेलं पंचमीचं गानं नेटवर चढवलं हुतं. ते बंद पडलं. आन् खाली लिवलंय, ह्या गान्याचा हक्क मल्लिनाथ शिवशरण वैरागकर यांच्या वतीनं कंपनीकडं हाय."

"अगं, कायतरी घोळ आसंल."

"घोळ आसू दे न्हायतर काय बी आसू दे. बाबाचं गानं म्हनायला मिळंस्तवर मी माहेरला यायची न्हाय. पंचमीला तर न्हायच न्हाय." आणि फोन बंद झाला.

मल्लिनाथ हातातल्या तारेकडे पाहत राहिला. एरवी मोटार नुसती गुरगुरली तरी बेअरिंग गेलंय की कॉइल हे सांगणारा माणूस, पण आता नेमकं काय जळलं हे काही केल्या त्याच्या ध्यानात येईना.

शिवशरण वैरागकर हे नाव कॅसेटचा जमाना पाहिलेल्यांना सांगावं लागत नाही. वैरागच्या बाजारात हलगीवर गाता गाता हा माणूस कॅसेटवर गेला आणि जिल्ह्याच्या प्रत्येक टेंपोत, प्रत्येक चहाच्या टपरीवर वाजू लागला. त्यातही पंचमीचं गाणं. 'जूप बैल, ये रे भाऊ, पंचमी आली वेशीवर.' सासरी अडकलेली बहीण न्यायला येणाऱ्या भावाची वाट बघते, एवढंच त्या गाण्यात आहे. पण झोक्याच्या झाडाला कर्णा बांधून ते लावलं की बाया झोका सोडून डोळ्याला पदर लावायच्या. नाव उदंड झालं. पैसा मात्र त्या काळी कॅसेटवाले एकदाच हातावर ठेवायचे, वर शाल. तीन वर्षांपूर्वी म्हातारा गेला तेव्हा मागे उरलं ते भवानी पेठेतलं घर, वैरागचं रान, एक बाजाची पेटी आणि ही गाणी. गाणी आपल्याला उरलीत हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं.

मग रीतीप्रमाणे बहिणीचं हक्कसोडपत्र झालं. आपल्याकडे बहिणीने वाटा मागितला की तिचं माहेर तुटतं, आणि भावाने तो सोडवून घेतला की त्याला रीत म्हणतात. नंदाने एका शब्दाने कुरकुर केली नाही. बार्शीच्या नोंदणी कचेरीत कागद पुढे आला तेव्हा तिने पिशवी चाचपली. "चष्मा घरी ऱ्हायला गं बाई. दादा, तू वाचलास न्हवं?"

"व्हय व्हय," मल्लिनाथ म्हणाला होता. त्यानेही वाचलं नव्हतं. बाँड लिहिणाऱ्याने नेहमीच्या सवयीने स्थावर, जंगम, दृश्य, अदृश्य, आज असलेले आणि पुढे निघणारे सर्व हक्क असं सगळं ठोकून दिलं होतं. सही झाली, बाहेर येऊन दोघांनी भजी खाल्ली, मल्लिनाथने तिला इरकल साडी घेतली. बिचारी साडीवर खूश होऊन जेऊरच्या गाडीत बसली.

गेल्या वर्षी मुंबईच्या कंपनीचा माणूस आला. जुन्या गाण्यांना मोबाइलवर पुन्हा दिवस आलेत म्हणाला. कागद बघून त्याने मल्लिनाथला एकमेव वारस ठरवलं आणि बोट ठेवेल तिथे मल्लिनाथने सही केली. आलेल्या पैशात दुकानाचं शटर बदललं. हेच ते शटर, ज्याच्या आत तो आता आ वासून बसला होता.

घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं. चन्नम्मा अक्कलकोटकडची. फार चिडली की आधी कानडीत बोलायची, आणि नवऱ्याला नीट लागावं म्हणून मग मराठीत. आज तिने दोन्ही केलं.

"तुमी बहिनीकडनं न वाचता सही घेतली. कंपनीनं तुमच्याकडनं न वाचता घेतली. फिट्टंफाट झाली की. आता पंचमीला पुरनाची दिंडं कुनासाठी करू मी? कंपनीसाठी?"

मल्लिनाथ वकिलाकडे गेला. वकील चांगला होता, म्हणजे निदान समजावून सांगायचा प्रयत्न करायचा. गाण्याचे शब्द वेगळे, चाल वेगळी, गळा वेगळा, ध्वनिमुद्रण वेगळं आणि प्रत्येकाचा हक्क वेगळा, असं त्याने सांगितलं. मल्लिनाथने मान हलवली. कळलं काहीच नाही.

"सायेब, रानाच्या भाषेत सांगा की."

वकिलाने चष्मा काढला. "असं समजा, तुमच्या बहिणीने तिचा हिस्सा तुम्हाला सोडला. ते रान तुम्ही कंपनीला कसायला दिलं. सातबाऱ्यावर नाव तुमचं, वहिवाट त्यांची."

"मंजी कूळ लागलं म्हना की."

"करारात लिहिलेल्या मुदतीपुरतं."

"आन् माजी बहीन बांधावरनं गेली तर?"

"तर कूळ हटकणार."

"आन् मी गेलो तर?"

"तुम्हालाही हटकणार. तुम्हीच तसं लिहून दिलंय."

आपल्याच रानात आपल्यालाच हटकणारं कूळ आपणच आणून बसवलं, हे मात्र मल्लिनाथला बरोबर कळलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. उठता उठता त्याने विचारलं, मालकी बहिणीच्या नावाने करता येईल का? येईल, वकील म्हणाला, आणि मालकाने जोर लावला तर गायची परवानगीही कंपनीकडून काढता येईल. पण वेळ लागेल. पंचमीपर्यंत काही होणार नाही.

त्याने कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. ती म्हणाली, "सर, आम्ही कुणाला मुद्दाम बंद करत नाही. यंत्रच ऐकतं आणि मूळ गाण्याशी जुळलं की धरतं. त्याला बहीण-भाऊ कळत नाही."

"मंजी मी म्हनलं तर मलाबी धरंल?"

"नक्की धरेल, सर."

फोन ठेवला आणि मल्लिनाथच्या डोक्यात उजेड पडला. उजेड कसला, चिमणीच होती ती, पण अंधारात तेवढीही पुरते. आपण स्वतः गाणं म्हणायचं, नेटवर चढवायचं, आपल्याच नावाची नोटीस आपल्यालाच येईल, ती नंदाला दाखवायची. बघ बाई, मलाबी बंदी हाय. तुजं आन् माजं दुःख एकच. मग कशाला रागावेल ती?

त्याने शटर अर्धं ओढलं, मोटारींच्या मधोमध मांडी घातली आणि चन्नम्माच्या हातात मोबाइल दिला. गाणं शब्दान् शब्द पाठ होतं. आयुष्यभर ऐकलं होतं. लहानपणी बापाने त्याला पेटीपुढे बसवून बघितलं होतं. बरेच दिवस बसवलं, बोटांवर पट्ट्या मारल्या, आणि शेवटी एके दिवशी पेटी मिटून म्हणाला होता, "ऱ्हाऊ दे लेकरा, तू मोटारी शिक." त्याच वेळी दाराआड ज्वारी निवडत बसलेली नंदा पुढची ओळ गुणगुणत होती. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मल्लिनाथने डोळे मिटले आणि सुरुवात केली. आडात नसेल तर पोहऱ्यात येत नाही म्हणतात. इथे आड काठोकाठ भरलेला होता, पोहराच फुटका निघाला. दुसऱ्या कडव्याला चन्नम्माने तोंडात पदर कोंबला, मोबाइल थोडा हलला, पण तिने पुरं गाणं टिपलं आणि चढवलं.

मग तो नोटिशीची वाट बघू लागला. जेवताना मोबाइल ताटाशेजारी. रात्री उशाशी. नंदाचं गाणं चढवल्या चढवल्या धरलं होतं. याचं सकाळपर्यंत जागच्या जागी होतं. दुपारीही होतं. त्याखाली एका गिऱ्हाइकाने लिहून विचारलं होतं, मोटार झाली का?

त्याने पुन्हा फोन लावला.

"म्याडम, मला अजून धरलं न्हाय."

मुलीने बराच वेळ काहीतरी तपासलं. "सर, तुमच्या व्हिडिओत कुठलंच गाणं सापडत नाहीये."

"आवो, त्येच गानं हाय ते! माज्या बापाचं! सबुद सबुद तपासा."

"यंत्राला तसं वाटत नाही, सर."

"आन् माज्या बहिनीचं कसं वाटलं?"

"त्यांचं तर पहिल्याच ओळीला धरलंय. एवढं जुळतंय की यंत्राने ते नवं गाणं मानलंच नाही. शिवशरण वैरागकरांचंच जुनं रेकॉर्डिंग आहे म्हणून नोंद केलीय." मग तिने आवाज उतरवून विचारलं, "मॅडम खरंच त्यांच्यासारख्या गातात का हो?"

मल्लिनाथने फोन ठेवला. त्याला वाईट वाटलं. घर त्याचं, रान त्याचं, पेटी त्याची, गाण्यावर नाव त्याचं. आणि तो बापाचं गाणं जीव तोडून म्हणाला तर ते बापाचं आहे हेच कुणाला ओळखू आलं नाही. सगळे हक्क सोडून गेलेली नंदा जेऊरच्या ओसरीवर एक ओळ म्हणाली, आणि यंत्राला वाटलं म्हातारा उठून बसला. मग वारस कोण? कागद एक सांगतो, कान दुसरं सांगतात.

पंचमीच्या आदल्या दिवशी त्याने दुकान बंद केलं आणि जेऊरची गाडी धरली. माहेरवाशिणीला न्यायला जाणारा तो मुराळी. पूर्वी बापाने त्यालाच धाडलं असतं. पण एसटी झाली, मोबाइल झाले, नंदा आपली आपणच पिशवी घेऊन येत गेली, आणि मुराळ्याची गरज फक्त गाण्यात उरली.

नंदाने दार उघडलं. हसली नाही. पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

"न्यायला आलो," मल्लिनाथ म्हणाला.

"गान्याचं काय झालं?"

त्याला सगळं नीट लावून सांगायचं होतं, गाडीत त्याने तशी जुळवाजुळवही केली होती, पण सगळी गडबडली. त्याने सरळ मोबाइल तिच्या हातात दिला. नंदाने बघायला सुरुवात केली. मोटारी, तारांची भेंडोळी, मधे डोळे मिटून बसलेला दादा. दुसऱ्या कडव्याला ती मटकन उंबऱ्यावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"दादा, सबुद बाबाचं हायत रं. पन चाल कुनाची हाय?"

"ती न्हायच कुनाची. कुनी धरलंबी न्हाय. अजून नेटवर तसंच हाय." तो खाली बघत म्हणाला. "तुजं मातूर एका वळीत धरलं. त्या यंत्राला वाटलं, बाबाच गातोय."

नंदाचं हसू थांबलं. तिने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. स्टेशनाकडून एक मालगाडी खडखडत गेली.

"काय वाटलं म्हनलास?"

"बाबाच गातोय आसं."

तिने पदराने तोंड पुसलं. मल्लिनाथने घाईघाईने बाकीचं सांगून टाकलं. कूळ मुदतीआधी निघत न्हाय. पन गान्याची मालकी तुज्या नावानं लिवून देतो, वकिलाला बोललोय. मग मालक म्हनून तू कंपनीला सांगायचं, मला गाऊ द्या म्हनून. मी मुंबईला येतो संगं. पंचमीला काई जमायचं न्हाय, पन देतो, शप्पत देतो.

आता ती म्हणेल, नको रे दादा, मला कशाला कागद, तुझी माया आहे तेवढं पुरे. बहिणी असंच म्हणतात. म्हणून तो थोडा निर्धास्तही होता.

"दे," नंदा म्हणाली. "आन् सोलापुरात गेल्यावर पैला कागदबी काड."

"कुटला?"

"बार्शीतला. मी सही केलेला. वैरागचं रान, घर, समदं. त्यात काय काय लिवलंय ते मला बगायचंय."

मल्लिनाथ गोंधळला. तो एक गाणं परत द्यायला आला होता. रानाचा विषय कुठून निघाला, तो चांगला की वाईट, हो म्हणावं की नाही, काहीच सुचेना. चन्नम्मा असती तर तिने सांगितलं असतं.

"काडतो," त्याच्या तोंडून निघून गेलं.

नंदा आत गेली. पंचमीला माहेरी न्यायची पिशवी तिने खुंटीवरून काढली. तीच इरकल साडी घडी करून घातली, लाह्यांची पुडी घातली. भवानी पेठेत मिटून पडलेल्या पेटीच्या सुरात ती पहिली ओळ गुणगुणत होती, आणि दारात उभा असलेला मल्लिनाथ ऐकत होता, कारण तो खरंच बाबांचा आवाज होता. मग तिने फळीवरून चष्म्याची डबी घेतली, उघडून आत चष्मा आहे ना ते बघितलं आणि पिशवीत सगळ्यांत वर ठेवली.