आत्याच्या बाटलीचा वास

आत्याचं लाडकं फ्रेंच परफ्यूम कंपनीने कधीच बंद केलं. तळाशी उरलेले चार थेंब ती कपाटात कुलूप लावून जपते, किल्ली सदा कमरेला. मग मीच हट्टाला पेटले. घरच्या घरी अत्तरं बनवणाऱ्या हौशी मंडळींकडून इवल्याशा कुप्या मागवायच्या आणि तोच वास हुडकून काढायचा!

आत्याच्या शिवणाच्या दुकानात बसून मी कागदाच्या पट्टीवर एकेक तेल लावून हुंगत होते. एकाला साबणाचा वास, दुसऱ्याला ओल्या पुठ्ठ्याचा. शेवटच्या कुपीवर माझी सगळी भिस्त होती, तर तीही फुसकी निघाली. वैतागून ते तेल मनगटाला फासलं आणि आत्याने सांगून ठेवलेला लोकरी कोट इस्त्रीला घेतला. ओलं फडकं पसरून वर गरम इस्त्री टेकवली.

वाफेचा भपकारा मनगटावर आला आणि मी जागच्या जागी उडालेच. तोच! अगदी तोच वास! अहो, आत्याने जन्मभर परफ्यूम लावून इस्त्रीच तर केली होती! लोकर, वाफ आणि ते फुलांचं काहीतरी, असा मिळून तो वास होता, आणि मी शहाणी तो कोरड्या कागदावर शोधत बसले होते. मी पुन्हा इस्त्री दाबली, पुन्हा हुंगलं, एकटीच खिदळले.

तेवढ्यात मागच्या खोलीतून आत्या कमरेची किल्ली चाचपत तरातरा आली.

"खरं सांग, माझं कपाट कसं उघडलंस?"